कामावर परतणारा पाय

जयपूरच्या मालवीय नगरात गुरू नानक पथावर भगवान महावीर विकलांग सहायता समितीचे मुख्यालय आहे. महाराष्ट्रात संस्थेचे हे पूर्ण नाव फारसे कोणाच्या कानावर नसते, पण ‘जयपूर फूट’ म्हटले की आडगावच्या माणसालाही कळते. अशा संस्थेचा इतिहास लिहायला बसले की आकडे आपणहून पुढे येतात. स्थापना 1975, तेव्हापासून कृत्रिम पाय, कॅलिपर, कुबड्या, तीनचाकी सायकली मिळून लाखो लाभार्थी, आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतली शिबिरे. स्मरणिकेत हे आकडे येतात आणि यायलाच हवेत. पण या संस्थेपुरते तरी ते मोजमाप अपुरे आहे, असे माझे म्हणणे आहे. जयपूर फूट माणसाला उभे करण्यासाठी जन्माला आला, असे आपण सहज म्हणून जातो. त्याची घडण बारकाईने पाहिली तर दिसते की नुसते उभे करणे एवढाच हेतू असता, तर त्या वेळी बाजारात असलेला पायही पुरला असता. हा पाय घडवला गेला तो माणसाला त्याच्या कामाच्या जागी, ज्या जागी त्याने कमवायला सुरुवात केली तिथे, परत पाठवण्यासाठी. तेव्हा या संस्थेचा इतिहास लिहायचा तर किती जणांना आपल्या कामाचा अवेळी निरोप घ्यावा लागला नाही, या कसोटीवर लिहिला पाहिजे. तसा लिहिला की संस्थेने स्वतः आपली जन्मजागा का ओलांडली, याचाही उलगडा होतो.

नोकरदाराला निरोप समारंभ माहीत असतो. साठीच्या आसपास शाल, श्रीफळ, चार भाषणे आणि हातात हिशेबाचा धनादेश. ट्रॅक्टरखाली पाय सापडलेल्या शेतमजुराला, गाडीतून पडलेल्या फेरीवाल्याला किंवा मधुमेहाने गँगरीन झालेल्या सुताराला असा निरोप कोणी देत नाही. रुग्णालयातून घरी येतो त्या दिवशीच त्याची जुनी कामाची जागा त्याच्यापुरती संपलेली असते. सरकारी नोकरीतल्या माणसासाठी आपल्याकडे कायदा झाला, तोही उशिरा. 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्याच्या कलम 47 ने सांगितले की सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येणार नाही. ते पद झेपत नसेल तर त्याच वेतनावर दुसरे द्यावे लागेल. विशेष सेवा ब्युरोतल्या एका जवानाचा पाय कापावा लागला आणि त्याला अपात्र ठरवून घरी पाठवले गेले. ‘कुणाल सिंग विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यात 2003 साली सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाचा आधार घेऊन त्याच्या बाजूने निकाल दिला. 2016 च्या नव्या कायद्यातही ही तरतूद कायम आहे. हा कायदा मोलाचा आहे, पण तो चालण्यासाठी कुठले तरी हजेरीपुस्तक लागते. दुसऱ्याच्या बांधावर रोजंदारीने राबणाऱ्याला ही तरतूद कोण लावणार? त्याचा मालक ठरलेला नाही, पद ठरलेले नाही, पर्यायी पदाचा तर प्रश्नच नाही. त्याला कामावर ठेवणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे त्याचे अंग. अशा माणसापुरता जयपूरचा पाय हाच कायदा आहे, आणि कायद्याच्या तब्बल 27 वर्षे आधी, 1968 च्या सुमारास, तो तयार होत होता.

तो तयार झाला जयपूरच्याच सवाई मानसिंग रुग्णालयात. डॉ. प्रमोद करण सेठी तिथे अस्थिशल्यचिकित्सक होते. परंपरेने कारागीर असलेले आणि शाळेत फारसे न शिकलेले रामचंद्र शर्मा त्याच रुग्णालयात रुग्णांना हातकाम शिकवायला येत. सगळे त्यांना ‘मास्टरजी’ म्हणत. कृत्रिम पाय ही गोष्ट तेव्हा भारतात नवी नव्हती. पुण्यात 1944 सालीच सैन्यासाठी कृत्रिम अवयव केंद्र उभे राहिले होते आणि मुंबईत हाजी अलीला पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था 1955 पासून काम करत होती. पाय मिळत होता, पण मिळाल्यावर तो वापरला जात नव्हता. पाश्चात्त्य पद्धतीचा जो ‘सॅच’ पाय त्या काळी प्रमाण मानला जाई, त्याची टाच मऊ आणि मधला गाभा ताठ लाकडाचा. त्यावर बूट चढवलाच पाहिजे आणि बुटाने सपाट जमिनीवर चालले पाहिजे, असे त्याच्या रचनेतच गृहीत धरलेले होते. ऑफिसच्या फरशीवर वावरणाऱ्या माणसाला तो चालून जाई. पण बूट घालून भाताच्या चिखलात उतरता येत नाही, देवळात किंवा माजघरात जाता येत नाही, आणि ताठ घोट्याने उकिडवे बसता येत नाही, मांडी घालता येत नाही. निंदणी-खुरपणी उकिडवे बसूनच होते. भाकरी, भांडी, शौच, दूध काढणे, वीट थापणे, चामडे शिवणे, यातले काहीच खुर्चीवर बसून होत नाही. म्हणून पाय मिळालेली माणसे तो कोपऱ्यात ठेवून पुन्हा कुबडी घेत. सेठींना आपल्या रुग्णांत हेच दिसले. आपल्याकडे अनेक तज्ज्ञांनी या माणसांना अडाणी ठरवले असते. सेठी आणि मास्टरजींनी दोष पायाला दिला, माणसाला नाही. या संस्थेच्या इतिहासातला पहिला मोठा निर्णय मला हाच वाटतो.

या निर्णयाचे उत्तर हातांनी कसे घडवले ते जवळून पाहण्यासारखे आहे. टाच आणि चवडा यांसाठी स्पंज रबराचे ठोकळे कापतात. घोट्यासाठी लाकडाचा छोटा ठोकळा असतो आणि वरचा भाग जोडायला त्यातून बोल्ट जातो. हा लाकडी ठोकळा घोट्यापाशीच थांबतो, तळव्यात पुढे शिरत नाही. सगळी युक्ती इथे आहे, कारण ताठ गाभा नसल्याने तळवा पुढे-मागे वाकतो, कडेला कलतो, थोडा पिळताही येतो. हे तीन तुकडे टायरमध्ये वापरतात तसल्या दोरा घातलेल्या कच्च्या रबराच्या पट्ट्यांनी गुंडाळतात. तळव्याला टायरच्या ट्रेडचे टणक रबर, वरून कातडीच्या रंगाचे. मग सगळे अॅल्युमिनियमच्या दोन फाळ्यांच्या साच्यात बंद करून उष्णतेत व्हल्कनाइझ करतात. साचा उघडला की बोटे असलेला, पाण्याला न डरणारा, अनवाणी चालता येणारा पाय बाहेर येतो. यात जयपूरच्या कुठल्याही टायर रिट्रेडिंगच्या दुकानात न मिळणारे फारसे काही नाही. वरची नळी सुरुवातीला अॅल्युमिनियमच्या पत्र्याची असे. ती ठोकून गोलाई आणायचे काम भांडी घडवणारे हात जाणत होतेच. शल्यचिकित्सकाला शरीर ठाऊक होते, कारागिराला सामान ठाऊक होते, आणि रुग्णाचे काम दोघांनाही ठाऊक होते. या तिसऱ्या गोष्टीशिवाय पहिल्या दोहोंतून एखादा सुबक ‘सॅच’ पायच निघाला असता. 1978 साली या पायावरचा शोधनिबंध ‘प्रॉस्थेटिक्स अँड ऑर्थोटिक्स इंटरनॅशनल’ या नियतकालिकात आला. त्याच्या लेखकांत सेठी, उडावत आणि कासलीवाल या डॉक्टरांबरोबर रामचंद्रांचेही नाव आहे. वैद्यकीय नियतकालिकात मिस्त्रीचे नाव लेखक म्हणून छापले जाणे आजही विरळा आहे.

इथपर्यंतचा इतिहास सगळीकडे सांगितला जातो. त्यापुढचा भाग मात्र घाईने उरकला जातो, आणि माझ्या म्हणण्याचा पुरावा त्याच भागात आहे. 1968 ते 1975 या सात वर्षांत हा उत्तम पाय किती जणांना बसला? जेमतेम साठेक. शोध होता, डॉक्टर होते, कारागीर होता, सामान स्वस्त होते, आणि रांगेत माणसे तर होतीच. अडत होते ते जागेच्या रीतीपाशी. सरकारी रुग्णालयाचा संसार आजाऱ्यांसाठी मांडलेला असतो. तिथे खाट लागते, केस पेपर लागतो, ओपीडीचा वार लागतो, खरेदीची मंजुरी लागते. पाय तुटलेला माणूस मात्र आजारी नसतो, त्याची जखम कधीच भरलेली असते. तो बाडमेरहून किंवा बांसवाड्याहून निघतो तेव्हा प्रवासखर्च उसना घेतो, सोबत्याचा रोज बुडवतो, आणि ‘पुढच्या बुधवारी या’ असे ऐकून परत जातो तो पुन्हा येत नाही. 1969 साली पोखरणजवळ झालेल्या अपघातात सनदी अधिकारी देवेंद्र राज मेहता यांचा पाय कापण्याची वेळ आली होती, तो वाचला. आपल्या हाती अधिकार आणि पैसा होता म्हणून आपण वाचलो, बाकीच्यांचे काय, या प्रश्नाने त्यांना सोडले नाही. भगवान महावीरांच्या 2500 व्या निर्वाण वर्षाचे निमित्त साधून 1975 साली त्यांनी समिती स्थापली. सुरुवात सवाई मानसिंग रुग्णालयाच्या आश्रयानेच झाली. हळूहळू समितीचा कारभार, वर्कशॉप आणि पसारा त्या आवाराबाहेर वाढला आणि मालवीय नगर हा तिचा पत्ता झाला.

हा निरोप कृतघ्नपणाचा नव्हता आणि भांडणाचाही नव्हता. तो पायाच्या मूळ हेतूशी इमान राखणारा होता. समितीने रुग्णालयाची रीत उलटी केली. नंबर लावण्याची अट नाही, कोणत्याही वेळी या. आलात त्याच दिवशी नोंद, माप आणि प्लास्टर. सोबत आलेल्याची राहण्या-जेवणाची सोय, गरिबाला परतीचे भाडे, आणि पाय विनामूल्य. गुडघ्याखालचा पाय काही तासांत तयार होतो आणि बहुतेक माणसे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरची वाट धरतात. बसवणाऱ्या कारागिरांतही कित्येक जण स्वतः कृत्रिम पायावर उभे असतात. हे सगळे भूतदयेचे गुण म्हणून सांगितले जाते. मला त्यात रोजंदारी करणाऱ्याचे गणित दिसते. ज्याचा दिवस बुडाला की चूल विझते, त्याच्यासाठी वेळ हीच किंमत आहे. फुकट पण चार फेऱ्यांनी मिळणारा पाय त्याला महागच पडतो. 2000 नंतरच्या दशकात समिती वर्षाला सोळा हजारांच्या घरात पाय बसवू लागली. सात वर्षांत साठ आणि वर्षाला सोळा हजार यांत पाय मुळात तोच होता. बदलली होती त्याच्याभोवतीची व्यवस्था.

सामानही बदलले. ठोकून घडवलेल्या अॅल्युमिनियमच्या नळीच्या जागी पुढे एचडीपीई पाइप आला. ठिबक आणि तुषार सिंचनामुळे आपल्या शेतकऱ्याच्या ओळखीचा झालेला हाच तो पाइप. भट्टीत मऊ करून तो प्लास्टरच्या साच्यावर ओढला की सॉकेट आणि नळी एकत्रच तयार होते. इस्रोने पॉलियुरेथेनच्या पायाचे तंत्र दिले. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांबरोबर गुडघ्याचा स्वस्त सांधा तयार झाला आणि 2009 साली ‘टाइम’ साप्ताहिकाने त्याची गणना वर्षातल्या उत्तम शोधांत केली.

या मांडणीवर पहिला आक्षेप वैद्यकाच्या बाजूने येतो आणि तो हलका नाही. रुग्णालय सोडणे म्हणजे डॉक्टरची नजर सोडणे. पाय म्हणजे निव्वळ रबर नव्हे. खरा प्रश्न सॉकेटचा असतो, उरलेला पाय त्यात कसा बसतो याचा. माप चुकले तर कातडी सोलवटते, जखमा होतात, पाठ धरते आणि पाय पुन्हा कोपऱ्यात जातो. 2004 साली याच ‘प्रॉस्थेटिक्स अँड ऑर्थोटिक्स इंटरनॅशनल’मध्ये एचडीपीई-जयपूर पद्धतीच्या गुडघ्याखालच्या पायांची प्रत्यक्ष पाहणी प्रसिद्ध झाली. तिने बसवणीत आणि कारागिरीत गंभीर उणिवा दाखवल्या. आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसने आपल्या केंद्रांसाठी पॉलिप्रॉपिलिनची वेगळी पद्धत उभारली. हे पुरावे संस्थेच्या हितचिंतकांनी दडपून ठेवू नयेत. स्मरणिकेत तर मुळीच नको. मात्र त्यांतून ‘रुग्णालय सोडायला नको होते’ असा निष्कर्ष निघत नाही. रुग्णालयात वर्षाला आठ-नऊ जणांना उत्तम पाय मिळत होता आणि बाकीच्यांना काहीच नाही. काहीच नसण्यामुळे झालेल्या जखमा कुठल्या पाहणीत येत नाहीत, म्हणून त्या नसतात असे नाही. पुराव्यातून निघणारा खरा निष्कर्ष वेगळा आहे: दारात आलेल्याला त्वरेने पाय देणे पुरेसे नाही, तो पाय महिन्याने, वर्षाने अंगाला आणि कामाला कसा टिकला हे पाहायला संस्थेने त्याच्यामागे जायला हवे. सेठींनी जयपूरमध्ये नेमके हेच केले होते. बसवलेले पाय कोपऱ्यात का पडतात हे त्यांनी पाहिले, म्हणून तर नवा पाय सुचला. जन्मजागेचा निरोप घेताना सोबत न्यायची सगळ्यांत मोलाची वस्तू ही पाठपुराव्याची सवय होती. शिबिरांच्या गर्दीत ती मागे पडू शकते. शिबिर तीन दिवसांचे असते, मंडप उठतो, आणि सैल झालेल्या पट्ट्याची तक्रार घेऊन यायला जागा उरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. माणसाला त्याच्या जुन्या कामावर परत पाठवणे हे ध्येय मानायचेच कशाला? भातलावणीत, वीटभट्टीवर किंवा उसाच्या तोडीवर परतणे ही काय मोठी सुटका? पाय गेला हे दुःखच, पण त्या निमित्ताने त्याला शिवणयंत्र द्या, संगणक शिकवा, बसून करायचे काम द्या, असे म्हणणारी माणसे सद्हेतूनेच म्हणतात. मी हा आक्षेप बराच काळ तोलून पाहिला आहे आणि त्यात तथ्य आहे असे मानतो. पुनर्वसनाला नव्या कौशल्याची जोड हवीच. मात्र या सल्ल्यात एक गोष्ट निसटते: आयुष्याचे पहिले काम म्हणजे फक्त मजुरी नसते. तिथे माणसाला कसब आलेले असते, ओळखी जडलेल्या असतात, त्याच्या शब्दाला किंमत असते. तीस वर्षे नांगर धरलेल्याला जमिनीचा ओलावा पायाखाली कळतो. शिवणयंत्रावर तो पुन्हा शिकाऊ होतो, आणि तोही उतरत्या वयात. काम सोडणे वाईट नाही. दररोज कितीतरी माणसे पहिली नोकरी सोडून चांगल्या कामाकडे जातात आणि जावेच. फरक एवढाच, की ती स्वतः ठरवून जातात. चिखलात उतरू शकणारा पाय मिळाल्यावर एखाद्याने शेती सोडून किराणा दुकान टाकले, तर तो त्याचा निर्णय. पायच नसल्यामुळे सोडली, तर तो निर्णय दुसऱ्या कोणीतरी, बहुधा दैवाने आणि दारिद्र्याने, त्याच्यासाठी केलेला असतो.

सुधा चंद्रन यांचे उदाहरण इथे नेहमी दिले जाते. 1981 च्या अपघातानंतर त्यांचा उजवा पाय कापावा लागला, जयपूर फूट बसवून त्यांनी 1984 साली मुंबईत पुन्हा नृत्य केले, आणि त्यांच्या आयुष्यावर आधी तेलुगूत ‘मयूरी’ व मग हिंदीत ‘नाचे मयूरी’ हा चित्रपट आला. त्या चित्रपटांनी जयपूर फूट घराघरांत नेला, त्याचे ऋण मोठे आहे. तरी मला वाटते, त्यांच्या जिद्दीच्या कौतुकात आपण एक साधी गोष्ट विसरतो. त्याही परतल्या त्या आपल्या पहिल्या कामाकडेच. रंगमंच सोडून दुसरे काही करा, हे त्यांना सांगणारे कमी नसतील. शेतमजुराचे परतणे आणि नर्तकीचे परतणे यांत पायाच्या दृष्टीने काही फरक नाही. फरक आहे तो आपल्या टाळ्यांत. अफगाणिस्तानात आणि कंबोडियात भूसुरुंगांनी हजारो शेतकऱ्यांचे पाय नेले. ओल्या, उंचसखल जमिनीत अनवाणी चालेल असा पाय तिथेही उपयोगी पडला, कारण त्यांचेही कामाचे ठिकाण शेतच होते.

श्रेयाचा वाद थोडक्यात आटोपतो, कारण त्याने माझा मुद्दा फारसा हलत नाही. 1981 साली मॅगसेसे पुरस्कार आणि पद्मश्री सेठींना मिळाले; 2008 साली पद्मभूषण मेहतांना. मास्टरजींच्या वाट्याला तितका लौकिक आला नाही, ही तक्रार रास्त आहे आणि ती पुन्हा पुन्हा केली पाहिजे. पायाचे पेटंट मात्र कोणीच घेतले नाही. ते घेतले असते तर पुण्या-मुंबईच्या सेवासंस्थांना, परदेशातल्या केंद्रांना हे तंत्र असे मोकळेपणाने उचलता आले नसते. मालकी न सांगणे हाही या शोधाने आपल्या जन्मजागेचा घेतलेला निरोपच होता.

महाराष्ट्राला या इतिहासात परकेपण वाटण्याचे कारण नाही. मुंबईच्या लोकलखाली, ऊस कारखान्यांच्या पट्ट्यातल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांखाली आणि मधुमेहाने पाय गमावणारी माणसे आपल्याच जिल्ह्यांतली आहेत. जयपूर फूटची शिबिरे आपल्याकडे भरतात, त्यांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात: रांगेत बसलेली माणसे, मग उभी राहिलेली माणसे, मध्ये पाहुणे. अशा शिबिरांच्या आयोजकांना आणि मालवीय नगरच्या संस्थेलाही या निमित्ताने एकच गोष्ट सुचवावीशी वाटते. माप घेताना नाव, वय, कापल्याची उंची आणि कारण यांबरोबर दोन रकाने असावेत: अपघाताआधी कोणते काम होते, आणि आता कोणते करायची इच्छा आहे. एका वर्षाने फोन करून तिसरा रकाना भरावा: सध्या काय करतो. तिसरा रकाना दुसऱ्याशी जुळला नाही, तर विचारावे की सॉकेट लागते का, घोटा झिजला का, की गावात काम द्यायला कोणी तयार नाही. पहिल्या दोन उत्तरांची जबाबदारी वर्कशॉपची, तिसऱ्याची ग्रामपंचायतीची आणि रोजगार हमीच्या मुकादमाची. पुढच्या स्मरणिकेत लाभार्थींच्या आकड्याशेजारी या तिसऱ्या रकान्याची बेरीज छापावी, ती कितीही लहान निघाली तरी.